परक्या पंक्तींतील शाकाहारी पाहुणा

पाहुणा उपाशी राहिला तर दोष कोणाचा, असा प्रश्न कोणत्याही गृहिणीला विचारला, तर ती क्षणाचाही विलंब न लावतां तो दोष आपल्या माथ्यावर घेईल. पुण्यामुंबईच्या गृहिणीविषयीं हें जसें खरें, तसेंच तें अमेरिकेंतील, जर्मनींतील किंवा जपानांतील गृहिणीविषयींही खरें आहे. परंतु पाहुणा सोळासतरा वर्षांचा विद्यार्थी असला, हजारों मैलांवरून वर्षभरासाठीं आलेला असला, आणि ज्या पदार्थांवर त्या घराचा रोजचा स्वयंपाक चालतो तेच त्याला निषिद्ध असले, म्हणजे या प्रश्नाचें उत्तर इतकें सरळ राहत नाहीं. घरांत अन्न भरपूर, वाढणारीचा हात सढळ, जेवणाऱ्याला भूक कडकडून लागलेली, आणि तरीही तो अर्धपोटी उठतो. असें कां घडतें आणि तें टाळावें कसें, याचा विचार परदेशीं मुलें पाठविणाऱ्या प्रत्येक शाकाहारी घरानें आधींच केलेला बरा.

विद्यार्थ्यानें परदेशीं वसतिगृहांत न राहतां एखाद्या कुटुंबांत त्या घरचें मूल म्हणून राहावें, ही पद्धति विसाव्या शतकांत रूढ झाली. अमेरिकेंत डोनाल्ड वॉट या गृहस्थांनीं १९३२ सालीं याच हेतूनें एक संस्था सुरू केली. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी सैनिकांची वाहतूक करणारें ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ हें स्वयंसेवकांचें पथक होतें. दुसरें महायुद्ध संपल्यावर त्याच संस्थेनें शाळकरी मुलांची देवाणघेवाण आरंभिली. ज्यांनीं मरणाऱ्या तरुणांना उचलून नेलें, त्यांना पुढच्या पिढीच्या तरुणांनीं एकमेकांच्या घरीं जेवावें असें वाटलें, यांत नवल नाहीं. रोटरीसारख्या संस्थाही हें काम करतात, आणि भारतांतूनही मुलें अशा योजनांतून जातात.

या व्यवस्थेंतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंत अशा शाळकरी विद्यार्थ्याला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याबद्दल कोणताही मोबदला मिळत नाहीं. अंथरूण, अन्न आणि माया हीं तें कुटुंब आपण होऊन देतें. खाणावळींत मनुष्य पैसे मोजतो, म्हणून नको असलेला पदार्थ बिनदिक्कत परत पाठवितो. येथें पानांत पडतें तें विकत घेतलेलें नसतें. त्यामुळें मुलाला ‘नको’ म्हणणें जड जातें, आणि यजमानीणबाईला तें ‘नको’ ऐकणें त्याहूनही जड जातें. तिला वाटतें, आपल्या हातचें याला रुचत नाहीं. मुलाला वाटतें, आपण कृतघ्न ठरूं. मग तो ‘भूक नाहीं’ असें सांगून मोकळा होतो. रात्रीं दूरध्वनीवर घरची आई ‘काय जेवलास?’ म्हणून विचारते, तेव्हां तिलाही ‘सर्व ठीक आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. दोन माउल्या दोन खंडांत असतात. दोघींनाही खरें कळत नाहीं, आणि मधल्यामध्यें पोरगा वाळत जातो.

संकोचानें होणारी ही उपासमार आजची नाहीं. १८८८ च्या सप्टेंबरांत मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले, तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. मांसाला शिवणार नाहीं, असें वचन त्यांनीं आईला दिलेलें. लंडनजवळ रिचमंड येथें एका स्नेह्याच्या घरीं ते प्रथम राहिले. सकाळीं ओटची लापशी मिळे, तिनें पोट भरे. पण दुपारीं व रात्रीं पालकाची भाजी, पाव आणि मुरंबा यांवर भागवावें लागे, आणि पावाचे दोनतीन तुकडे संपल्यावर आणखी मागण्याची त्यांना लाज वाटे. पुढें वेस्ट केन्सिंग्टनमध्यें एका विधवा बाईच्या घरीं त्यांची सोय झाली. तिच्या दोन मुली मोठ्या आग्रहानें पावाचा एखादा जादा तुकडा त्यांच्या पानांत वाढीत. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, कीं या पाहुण्याचें पोट भरण्यास तुकडा नव्हे, अख्खा पाव हवा होता! ही हकीकत गांधीजींनीं स्वतः आत्मचरित्रांत सांगितली आहे. मुली कृपण नव्हत्या आणि पाहुणा अहंकारी नव्हता. एक शब्द उच्चारला गेला नाहीं, इतकेंच.

तो शब्द उच्चारण्यास धैर्य लागतें, हेंही त्यांच्याच चरित्रांत दिसून येतें. एकदां एका मित्रानें त्यांना नाटकाला नेण्यापूर्वीं हॉलबॉर्न नांवाच्या भपकेबाज उपाहारगृहांत जेवावयास नेलें. मित्राचा कयास असा, कीं एवढ्या थाटाच्या ठिकाणीं हा लाजेनें कांहीं विचारणार नाहीं आणि पुढ्यांत येईल तें मुकाट्यानें खाईल. पहिलें सूप आलें. तें कशाचें आहे, हें मित्राला विचारण्याची सोय नव्हती, म्हणून गांधीजींनीं वाढप्याला बोलावलें. मित्र संतापला, सभ्य लोकांत वागतां येत नसेल तर बाहेर जाऊन जेव, असें त्यानें सुनावलें. ते आनंदानें उठून बाहेर गेले. जवळचें शाकाहारी भोजनगृह त्या वेळीं बंद असल्यामुळें ती रात्र उपाशीच गेली; पण मैत्री तुटली नाहीं. विचारल्याबद्दल घडलेला हा एका रात्रीचा उपवास, न विचारल्यामुळें घडलेल्या कित्येक आठवड्यांच्या अर्धपोटी दिवसांपेक्षां खचितच स्वस्त होता.

संकोचानंतरची दुसरी अडचण शब्दाच्या अर्थाची आहे. ‘मी शाकाहारी आहें’ हें वाक्य बोलणाऱ्याला सूर्यप्रकाशाइतकें स्वच्छ वाटतें. ऐकणाऱ्याच्या मनांत त्याचे दहा अर्थ उभे राहतात. इंग्लंडांत शाकाहाराच्या प्रसारासाठीं १८४७ सालीं मंडळी स्थापन झाली, तरी शाकाहाराच्या व्याख्येविषयीं तेथेंही एकमत नव्हतें. मांस म्हणजे केवळ पशुपक्ष्यांचें मांस, असें कांहीं म्हणत व मासे, अंडीं खात. कांहीं मासे वगळीत, परंतु अंडीं घेत. कांहीं तर प्राण्यांपासून मिळणारें सर्वच वर्ज्य मानीत. त्यांत अंड्यांबरोबर दूधही गेलें. गांधीजींनीं या तिन्ही व्याख्या तोलून पाहिल्या आणि शेवटीं निर्णय केला, कीं वचन जिला दिलें तिच्या मनांत जो अर्थ होता तोच आपल्यावर बंधनकारक. आई अंडें खाण्यास संमति देणार नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून मध्यंतरीं सुरू केलेलीं अंडीं त्यांनीं सोडून दिलीं. त्यानंतर शाकाहारी भोजनगृहांतही कोणत्या पुडिंगांत व केकांत अंडें आहे, हें विचारणें त्यांना भाग पडूं लागलें.

आजच्या विद्यार्थ्यापुढें हाच गुंता अधिक पसरला आहे. भारतांत बंद पाकिटावर चौकटींतील हिरवा ठिपका पाहिला, कीं काम भागतें. अंडें असलेला पदार्थ तेथें मांसाहारी गटांत जातो. समुद्र ओलांडतांच तो ठिपका मागें राहतो. अमेरिकेंत व युरोपांत सामान्यतः अंडीं खाणारा मनुष्यही शाकाहारीच गणला जातो. अंडें नको म्हटलें तर यजमानांना वाटतें, हा ‘व्हीगन’ पंथाचा, म्हणजे दूध, लोणी व चीजही न घेणारा असावा. आणि दुधातुपावर वाढलेल्या पोरापुढें कोरडा पाव येतो. स्पेनमध्यें मांस नको म्हटल्यावर आलेल्या कोशिंबिरींत ट्यूना मासा सांपडूं शकतो. जपानांत मिसोचें सूप दिसण्यांत निरुपद्रवी. पण त्याचा मूळ रस, ज्याला ‘दाशी’ म्हणतात, तो बहुधा वाळविलेल्या बोनिटो माशाचा असतो. तेथील बौद्ध मठांत मात्र समुद्रांतील कोंबु वनस्पति व वाळलेली अळंबी यांच्या रसावर संपूर्ण शाकाहारी स्वयंपाक करण्याची जुनी परंपरा आहे, आणि ‘शोजिन र्योरी’ हें तिचें नांव उच्चारतांच जपानी गृहिणीला पाहुण्याचें म्हणणें बरेंचसें उमगतें.

खरी फसगत दिसणाऱ्या मांसानें होत नाहीं. ती न दिसणाऱ्यानें होते. जर्मनींतील मसुराच्या सुपांत किंवा शिजविलेल्या फरसबींत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पडलेले असतात. मेक्सिकन पद्धतीच्या घोटलेल्या घेवड्यांत डुकराची चरबी असूं शकते. मुलांच्या आवडीच्या रबरासारख्या चिवट गोळ्या आणि मार्शमेलो यांत जिलेटिन असतें, आणि तें जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढतात. इटलीच्या प्रसिद्ध पार्मेजान चीजसाठीं दूध विरजतांना वासराच्या जठरांतील रस वापरतात. तळलेल्या बटाट्यांच्या कापांसारखा साधा पदार्थही निःशंकपणें घेतां येत नाहीं. अमेरिकेंतील एका जगप्रसिद्ध उपाहारगृह-संस्थेनें १९९० सालीं बटाटे वनस्पतितेलांत तळण्याची घोषणा केली. परंतु गोमांसापासून काढलेला स्वादद्रव्याचा अंश त्यांत राहिलाच होता. तो प्रकार उघडकीस आल्यावर २००१ सालीं दावे झाले, आणि पुढच्या वर्षीं संस्थेनें क्षमा मागून एक कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें. जेथें जाणतीं माणसें वर्षानुवर्षें फसलीं, तेथें सोळा वर्षांच्या मुलानें किंवा त्याच्या यजमानांनीं चुकावें, यांत आश्चर्य कसलें?

जैन घरांतील मुलाची अडचण याहूनही वेगळी. कांदा, लसूण, बटाटा हे कंद वर्ज्य. सूर्यास्तानंतर अन्न नाहीं. हा नियम ज्या प्रदेशांत जन्मला तेथें सूर्य बाराही महिने समंजसपणें वागतो. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें डिसेंबरांत तो दुपारीं तीन वाजण्याच्या आंतच मावळतो आणि जूनमध्यें रात्रीं दहापर्यंत आकाशांत राहतो! शाळेंतून मूल परत येईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेलेली असते. अशा वेळीं नियम कोठवर पाळावयाचा, कोठें मुरड घालावयाची, हें त्या मुलानें थंडींत कुडकुडत एकट्यानें ठरवावें, असें म्हणणें निर्दयपणाचें आहे. तें निघण्यापूर्वींच घरच्या वडील मंडळींबरोबर बसून ठरलें पाहिजे.

या सर्वांवर उपाय नवा नाहीं. तो महाराष्ट्रांतीलच एका मुलीनें प्रथम करून दाखविला. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यकी शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांना जेमतेम अठरा वर्षें पूर्ण झालीं होतीं. तिकडे त्यांची वाट पाहणारी बाई परकी असली तरी अनोळखी नव्हती. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर यांनीं दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहतांना एक मिशनरी मासिक चाळलें. त्यांत गोपाळराव जोशांचें पत्र छापलेलें होतें. त्यावरून दोघींचा पत्रव्यवहार जुळला, आणि प्रत्यक्ष भेटीपूर्वींच आनंदीबाई त्यांना मावशी मानूं लागल्या. निघण्यापूर्वीं त्याच वर्षीं २४ फेब्रुवारीला श्रीरामपूर येथें भरसभेंत त्यांनीं सांगून टाकलें, कीं आपला धर्म व आपले आचार आपण परदेशींही सोडणार नाहीं. जूनच्या आरंभीं त्या न्यूयॉर्कास उतरल्या व रोझेलच्या घरीं गेल्या. काय चालेल, काय चालणार नाहीं, याची वार्ता पाहुणीच्या आधीं पोंचली होती. म्हणून त्या घरांत तिच्या ‘नको’ म्हणण्याचा कोणाला अपमान वाटला नाहीं.

शरदऋतूंत आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत गेल्या. तेथें दिवसभर अभ्यास, कडाक्याची थंडी, आणि त्यांतच स्वतःच्या जेवणाची व्यवस्था स्वतः पाहण्याचा भार त्यांच्यावर पडला. प्रकृति ढासळत गेली. १८८६ च्या मार्चांत पदवी मिळाली, पण स्वदेशीं परतल्यावर थोड्याच महिन्यांनीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्या क्षयानें वारल्या. त्यांच्या अस्थि मिसेस कार्पेंटरांकडे पाठविण्यांत आल्या आणि त्या बाईंनीं न्यूयॉर्क प्रांतांत पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत त्या ठेवल्या. जिचें अन्न सर्वस्वीं वेगळें, तिला त्या घरानें शेवटीं आपल्या माणसांत जागा दिली. अन्नाचा भेद हा स्नेहाच्या आड येतोच असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें थडगें आठवावें.

आनंदीबाईंपासून घेण्याचा पहिला धडा असा, कीं मुलानें निघण्यापूर्वीं यजमानांना सविस्तर पत्र लिहावें. त्यांत ‘शाकाहारी’ या एका शब्दावर विसंबूं नये. मासे नकोत, कोंबडी नको, हाडांचा रस घातलेलें सूप नको, अंडें असें दिसणारें नको परंतु केकांत मिसळलेलें चालेल किंवा चालणार नाहीं, असें एकेक पदार्थाचें नांव घेऊन सांगावें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय चालतें तें लिहावें: दूध, दही, लोणी, भात, कडधान्यें, बटाटा, फळें, पाव. नकारांची यादी वाचून यजमानीणबाई घाबरून जाते. होकारांची यादी वाचून ती बाजारास निघते. मांस परतलेलाच कालथा भाजीला चालतो कीं नाहीं, हेंही सांगून टाकावें. चालत नसेल, तर एक वेगळी कढई स्वतःच्या पैशानें घ्यावी आणि ती स्वतः घासावी.

दुसरा धडा स्वयंपाकघरांत शिरण्याचा. आठवड्यांतून एक संध्याकाळ मुलानें चूल आपल्या हातीं घ्यावी. खिचडी, पिठलें, बटाट्याची भाजी हे पदार्थ करण्यास सोपे आणि परक्या जिभेला सोसणारे आहेत. तिखट तेवढें हात राखून घालावें. यांत मुलगा-मुलगी हा भेद करूं नये. सतरा वर्षांपर्यंत ज्याला कुकर लावतां येत नाहीं, त्या मुलाला परदेशीं धाडतांना त्याच्या आईनें टोपीमोज्यांच्या खरेदीइतकीच या शिक्षणाची काळजी करावी. यजमानांनाही एक सोपी युक्ति सुचवितां येते. मसुराचें सूप, टोमॅटोच्या रसांतील पास्ता, मेक्सिकन पोळींत भरावयाचा घेवडा, असे पदार्थ मूळचे वनस्पतींचेच असतात. मांस त्यांत मागाहून पडतें. तें शेवटीं वेगळ्या भांड्यांत शिजवून ज्याचें त्यानें घेतलें, तर एकाच पातेल्यांतलें अन्न सर्वांच्या पानांत येतें आणि पाहुण्यासाठीं वेगळा स्वयंपाक मांडावा लागत नाहीं.

तिसरी गोष्ट सणाची. अमेरिकेंत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं आभारप्रदर्शनाचा सण येतो. मेजाच्या मध्यभागीं भाजलेला टर्की पक्षी असतो आणि दूरदूरचे आप्त जमलेले असतात. त्या दिवशीं भारतीय मुलानें डोकें दुखतें म्हणून खोलींत पडून राहावें, याच्याइतकें दुःखाचें दुसरें काय? त्याच मेजावर दूधलोणी घालून घोटलेले बटाटे, क्रॅनबेरीचा आंबटगोड मुरंबा, मका आणि पाव हेही असतात. मांसाच्या रसाची आमटी बटाट्यांवर ओतण्यापूर्वीं आपला वाटा काढून ठेवावा, टर्कीच्या पोटांत भरलेलें सारण वगळावें, भोपळ्याच्या गोड पदार्थांत अंडें असतें हें ओळखून असावें, आणि मग मंडळींत हंसतमुखानें बसावें. दुसऱ्याच्या पानाकडे पाहून नाक मुरडूं नये, आणि त्या प्रसंगीं अहिंसेवर व्याख्यान तर मुळींच देऊं नये. उलट यजमानांनींही ‘एक घास खाऊन पाहा, घरीं कोणाला कळणार आहे?’ असा लाडिक आग्रह करूं नये. मोडलेल्या व्रताचा सल मुलाच्या मनांत राहतो, आणि तें मोडविणाऱ्या घराविषयींचा विश्वासही त्याबरोबर जातो.

येथें एका नाजूक गोष्टीचा उल्लेख टाळून चालणार नाहीं. हा नियम कोणाचा, आईबापांचा कीं मुलाचा? गांधीजींनीं प्रथम तो आईसाठीं पाळला. मनांतून त्या काळीं ते मांसाहाराला अनुकूल होते. पुढें फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी भोजनगृह त्यांना सांपडलें. तेथें एक शिलिंग देऊन हेन्री सॉल्ट यांचें पुस्तक त्यांनीं विकत घेतलें आणि विलायतेंतलें पहिलें पोटभर जेवण केलें. तें पुस्तक वाचल्यापासून आपण स्वेच्छेनें शाकाहारी झालों, असें ते सांगतात. जो नियम मुलाला स्वतःचा वाटतो त्याची त्याला लाज वाटत नाहीं. जो केवळ लादलेला असतो तो तो लपवितो, आणि मग घरीं व बाहेर दोहींकडे खोटें बोलतो. म्हणून पालकांनीं शपथ घालण्याऐवजीं आधीं मोकळेपणीं बोलावें. अडचणीच्या प्रसंगीं कोठवर सवलत आहे, तें त्यांनीं स्वतः सांगावें, आणि चूक झालीच तर घराचें दार बंद होणार नाहीं, एवढा भरंवसा मुलाला द्यावा.

या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणींत परदेशची मुलेंही महाराष्ट्रांतील घरीं येऊन राहतात. जन्मभर मांसावर वाढलेली एखादी जर्मन किंवा ब्राझिलियन मुलगी वरणभाताच्या घरांत वर्षभर राहते, तेव्हां तिचीही भूक ओळखावी लागते. ‘आमच्याकडे हें चालत नाहीं’ असें तिला पहिल्याच दिवशीं स्वच्छ सांगावें. परंतु बाहेर मैत्रिणींबरोबर ती काय खाते याची उलटतपासणी करूं नये, आणि तिच्या श्वासाचा वास घेऊं नये. आपल्या मुलाला परक्या घरीं जी समजूत मिळावी असें वाटतें, तीच आपल्या घरीं आलेल्या परक्या मुलीला देणें, हा या व्यवहाराचा खरा समतोल आहे.

वर्ष संपून मूल परत येतें तेव्हां तें किती इंग्रजी किंवा जर्मन शिकलें, याची चौकशी सर्व करतात. त्याहून मोठें शिक्षण त्या जेवणाच्या मेजावर झालेलें असतें. आपल्याला काय नको, हें न दुखवितां सांगणें, आणि दुसऱ्याचें ‘नको’ मनाला न लावून घेणें, या दोन विद्या ज्या दोन घरांना साधल्या, त्यांचें अन्न वेगळें राहिलें तरी पंक्ति एकच राहते. विलायतेंतील त्या दोन मुली आणखी एक तुकडा घेऊन उभ्या होत्या. ‘एक तुकडा पुरणार नाहीं, ताई, अख्खा पाव लागेल,’ एवढें त्यांना कोणी सांगितलें असतें, तर त्यांनीं तो हंसत आणून दिला असता.